सतरावं भोक

पत्रा आणला तारेच्या कारखान्यातून, भंगाराच्या भावानं.
लिएपायाच्या वाऱ्यात पत्रा हातात धरला
तर पत्राच माणसाला घेऊन जातो,
म्हणून इंडुलिसनं तो कोटाच्या आत पाठीला बांधला
आणि दोन मैल असा ताठ चालत आला
की वाटेत पास्टर भेटले, त्यांच्यापुढे मानसुद्धा लववता आली नाही.
आईला आठवडाभर तेच ऐकावं लागलं.

तो एकोणीसचा. मी नऊची.
पत्र्यातून दोन चकत्या निघाल्या, परातीएवढ्या.
प्रत्येकीच्या कडेनं तीस भोकं पाडायची,
दरेक आधीच्यापेक्षा केसभर आत,
गोगलगायीच्या पाठीवर वळण जातं तशी.
चकती गरगरली की भोकं चेहऱ्यावरून
उभ्या रेघा ओढत जातील, उजेड वेचतील,
वेचलेला उजेड तारेत, तारेतून हवेत,
हवेतून कालव्यापलीकडे
औषधवाल्या व्हिटोल्सच्या मागच्या खोलीत.
असं तो सांगायचा.
मला एवढंच कळायचं, की माणूस कोबीसारखा किसायचा
आणि पलीकडे परत जोडायचा.

दुसऱ्या चकतीच्या सतराव्या भोकाला मी शिंकले.
गिरमिट हललं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं,
आणि अठरावं पाडायला घेतलं.

निऑनचा दिवा रिगाहून आला
आईच्या अंबरच्या माळेच्या बदल्यात.
टोचायचीच मेली, आई म्हणाली,
आणि नंतर कितीतरी दिवस
बोलता बोलता गळ्याशी हात न्यायची.

एकतीस सालचा मार्च. माळ्यावर खारवलेल्या माशांचा वास.
माझ्या तोंडाला बटाट्याचं पीठ,
समोर चार दिवे, भुवया करपतील इतके जवळ.
शिंकेची चकती व्हिटोल्सकडे गेली होती, आईसोबत.
हस, तो म्हणाला.
मी हसले. गाल दुखेपर्यंत हसले.

पलीकडे काय दिसलं ते मला माहीत नाही.
मी तर चित्रात होते.
आई सांगायची: अंगठ्याएवढं, विस्तवाच्या रंगाचं काहीतरी,
आधी नुसती थरथर,
मग नाक, मग तू.
आणि तुझ्या डाव्या डोळ्यातून हनुवटीपर्यंत
एक काळी ओली रेघ.

(कपाळावर माझे केस होते,
म्हणून रेघ डोळ्यापासून निघालेली वाटली.
हे इंडुलिसनं नंतर कागदावर काढून दाखवलं.)

पोर रडतेय माझी, ती म्हणाली.
व्हिटोल्स म्हणाले, बाई, ती यंत्राची खोट.
पण पुढचं ऐकायला ती तिथे होतीच कुठे.
कालव्यावरचा पूल, घसरडं बर्फ, एकाच पायात बूट,
जिना,
आणि धापा टाकत तिनं चारही दिवे मालवले,
ॲप्रननं माझं कोरडं तोंड पुसलं
आणि त्याला एक ठेवून दिली.

दिसली? तो विचारत होता, गाल धरून. दिसली का गं आई?
दिसली म्हणूनच आले ना, मेल्या!

त्या चापटीनंतर तो माळ्यावर नाचला.
खालच्या बाईनं झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं.

पुढे त्यानं सतरावं भोक कथलानं बुजवलं, नीट पाडलं.
चित्र स्वच्छ आलं. आईनं डोळे बारीक करून पाहिलं,
म्हणाली, मुलगी छान आहे. कुणाची?

मग रिगाहून चार ओळींचं पत्र आलं.
परदेशात काचेच्या नळ्या निघाल्यात,
त्यांना ना चकती लागते, ना भोकं.
त्यानं पत्राची घडी घालून
हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली,
आणि बंदरावर जहाजांचे रेडिओ दुरुस्त करायला लागला.
चांगलं करायचा. त्याला कुणी कधी विचारलं नाही,
त्यानंही सांगितलं नाही.

चकती माझ्याकडे आहे. कोबीच्या पिंपावर झाकण म्हणून
बरीच वर्षं टिकली, मिठानं कडा खाल्ल्या.
भोकं मोजत नाही मी.

फक्त अजूनही टीव्हीवर कुणी फारच हसायला लागलं
की मी उठते,
हाताशी असेल ते फडकं घेऊन काचेजवळ जाते.

आजी, नातू म्हणतो, समोरून हो.